‘थेट’च्या शेजारचा लाल ठिपका

मी एक लाल ठिपका आहे. जुना आहे, गोल आहे आणि गोड बोलायची मला अजिबात हौस नाही. मित्रांनो, अशा गोष्टीत वाचणाऱ्यांना मित्र म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. नाहीतर टीव्हीसमोर आ वासून बसणाऱ्यांशी माझे कधी फारसे जमले नाही.

तुम्ही मला नक्की पाहिले असेल. बातम्यांच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात ‘थेट’ असा शब्द असे आणि त्याच्या शेजारी मी लुकलुकत असे. मी दिसलो की तुम्ही हातातला घास हातातच ठेवून बघत बसायचात. बातमी काय आहे हे कळायच्या आधीच तुमचा तिच्यावर विश्वास बसलेला असायचा. का, तर कोपऱ्यात काहीतरी लाल लुकलुकते आहे! एवढ्याशा गोष्टीवर विश्वास टाकणाऱ्या प्राण्याबद्दल मला आदर कसा वाटावा, तुम्हीच सांगा.

बरेच लोक मला दिवा समजतात. मी दिवा नाही. हलती चित्रे तयार करायच्या सॉफ्टवेअरमध्ये पारदर्शक कागद एकावर एक रचावेत तसे थर रचलेले असतात. सगळ्यात खाली बातमीचे चित्र, त्यावर चौकट, चौकटीवर अक्षरे आणि सगळ्यात वर मी. म्हणजे मी एक थर. मला वजन नाही, वास नाही, सावली नाही. पण एक गोष्ट आहे. मी ज्या पडद्यावर दिसतो, त्या पडद्यातून मलाही समोरचे दिसते आणि ऐकू येते. म्हणून तर तुमच्याबद्दल इतके बोलू शकतो.

मला ज्यांनी बनवले त्यांना चॅनलमध्ये सगळे मामा म्हणत. ते कुणाचेच मामा नव्हते. फर्निचरच्या दुकानावर चॅनलचे ऑफिस होते आणि त्या ऑफिसच्या सगळ्यात आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत ग्राफिक्सचे काम चाले. एसीतून पाणी गळे, म्हणून खाली बादली ठेवलेली असे. बादलीच्या शेजारी मामांची खुर्ची. त्या खुर्चीत मांडी घालून मामांनी एक वर्तुळ काढले, त्यात लाल रंग ओतला आणि मला जन्माला घातले. मग मी लुकलुकावे म्हणून त्यांनी हाताने खुणा ठोकायला घेतल्या. इथे दिस. इथे दिसू नकोस. इथे दिस. इथे दिसू नकोस. खिळे ठोकावेत तशा त्या खुणा. मधूनच मामांना डुलकी लागे. ती जिथे लागली तिथे खुणांमधले अंतर वाढले, आणि मी त्या जागी उचकी अडकल्यासारखा लांबलचक पेटून राहू लागलो. बातमी लांबली की खुणा संपत आणि मी होतो तसाच गोठून बसे. मामांना त्याचे काहीच वाटत नसे. “चालतंय की,” एवढेच ते म्हणत. त्यांच्या सगळ्या कलेचे सार त्या दोन शब्दांत होते.

अशातच ग्राफिक्समध्ये एक बाई कामाला आली. ती आधी शाळेत शिकवायची. पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीतले ऱ्हस्व-दीर्घ ती पहिल्याच आठवड्यात दुरुस्त करू लागली, तेव्हा सगळ्यांनी तिचे नाव मास्तरीण ठेवून टाकले. तिला राग आला नाही. दुरुस्ती मात्र ती करतच राहिली.

एक दिवस ती माझ्याकडे टक लावून बघत बसली.

“मामा, हा ठिपका अडखळतोय हो.”

“अडखळू दे,” मामा म्हणाले. “ठिपका बघायला कुणी टीव्ही लावतं होय?”

“माझी आई लावते.”

मामा खो खो हसले. ती हसली नाही. तिने माझ्यावर ठोकलेल्या सगळ्या खुणा एका झटक्यात पुसून टाकल्या. मला क्षणभर वाटले, संपलो. मग तिने माझ्या पोटात एक ओळ लिहिली. अशा ओळीला एक्स्प्रेशन म्हणतात. खुणा ठोकण्याऐवजी थराने कसे वागायचे हे त्यालाच सांगून ठेवायचे.

तिच्या ओळीचा अर्थ साधा होता. चित्र सुरू होऊन किती वेळ झाला हे सॉफ्टवेअरला दर क्षणी ठाऊक असते. त्या वेळेतले पूर्ण सेकंद टाकून द्यायचे आणि उरलेला तुकडा बघायचा. तुकडा अर्ध्या सेकंदाहून लहान असेल तर मी पूर्ण दिसायचे, मोठा असेल तर मुळीच दिसायचे नाही. झाले! बातमी छोटी असो की मोठी, कुणाला डुलकी लागो की न लागो, मी एका तालात लुकलुकू लागलो. मला ओढून चित्रावर टाकले की पुरे. माझी उचकी कायमची गेली. खोटे कशाला बोलू, त्या दिवशी मला त्या बाईबद्दल बरे वाटले. माणसांच्या बाबतीत माझ्याकडून असे क्वचितच होते.

तिची आई खरेच माझ्यासाठी टीव्ही लावायची. एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आई आणि मावशी अशा दोघी बहिणी राहत. आई कपडे शिवून आणि उसवून द्यायची. तिचे मशीन टीव्हीच्या अगदी समोर होते. पाय मशीनवर, एक डोळा सुईवर आणि दुसरा माझ्यावर. मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. तिला पडद्यावरची माणसे दिसत नसत, काहीतरी लाल लुकलुकते आहे एवढे मात्र कळे.

“लुकलुकतोय ना गं?” ती तरीही विचारी.

“लुकलुकतोय की. आपल्या पोरीचा आहे तो.”

“मग खरीच असणार बातमी.”

त्या वेळी पडद्यावर सकाळीच उरकून घेतलेली एखाद्या पुढाऱ्याची मुलाखत ‘थेट’ म्हणून चालू असे. पुढारी एव्हाना घरी जाऊन, जेवून झोपलेलासुद्धा असे. आणि या दोघी हात जोडल्यासारख्या माझ्याकडे बघत. आईने शेजारपाजारीही सांगून ठेवले होते की, नुसती बातमी असली तर ठिपका नसतो. ठिपका असला म्हणजे आत्ता, या घडीला घडतेय असे समजायचे. सगळ्या जिन्यावरच्या बायका ते मानू लागल्या. मला त्यांची कीव यायची.

आता मला लुकलुकायला लावणाऱ्या साहेबांविषयी सांगतो. ते चॅनलचे संपादक. सगळ्यांना ‘बाळा’ म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठ्या असलेल्या मामांनासुद्धा. कुणाशीही बोलताना ते उभे राहत आणि समोरच्याला बसवून ठेवत, म्हणजे ऐकणाऱ्याची मान आपोआप वर व्हावी. चॅनलच्या वर्धापनदिनी त्यांनी भाषणात माझे कौतुक केले. “हा ठिपका म्हणजे आपल्या चॅनलचा श्वास आहे,” ते म्हणाले. टाळ्या पडल्या. माझी ओळ कुणी लिहिली हे त्यांना ठाऊक नव्हते आणि विचारायची त्यांना गरजही वाटली नाही. त्यांना एवढेच कळले होते की मी असलो की लोक चॅनल बदलत नाहीत. म्हणून ते मला कशावरही टाकत. कालच्या सभेवर, परवाच्या मोर्च्यावर, एकदा तर हवामानाच्या नकाशावर. मी निमूट लुकलुके. मला दुसरे येत काय होते?

मग ती दुपार आली.

शहराच्या कडेला रसायनांचा एक कारखाना होता. तिथून उग्र वास येतोय असे फोन चॅनलमध्ये येऊ लागले. बातमीदार निघाला, पण वाटेत गाड्यांच्या रांगेत अडकला. दाखवायला चित्र नाही. साहेबांनी संग्रहातून एक जुने दृश्य काढायला लावले. कुठल्यातरी दुसऱ्याच शहरातल्या कारखान्यातून पांढरा ढग बाहेर पडतोय आणि माणसे तोंडाला कपडा लावून पळताहेत. ते दृश्य ग्राफिक्सच्या खोलीत आले आणि मागोमाग इंटरकॉमवर साहेबांचा आवाज आला.

“ठिपका टाक आणि लगेच सोड.”

“साहेब, ही दृश्यं आजची आहेत का?” मास्तरणीने विचारले.

“ढग आहे ना त्यात?”

“आहे. पण तो दुसऱ्याच गावचा...”

“बाळा, ढग तो ढग. आपला माणूस पोचला की बदलू.”

“लोक घाबरतील, साहेब.”

“मग बघतील.”

इंटरकॉम बंद झाला. ती माउसवर हात ठेवून तशीच बसली. बादलीत पाणी टपटपत होते. मामांनी डोळे न उघडताच सल्ला दिला, “टाक गं. कशाला डोक्याला ताप?”

तिने मला ओढले आणि त्या ढगावर टाकले.

त्या क्षणी मला तिचाही तिरस्कार वाटला. वेलांटी चुकली तर भांडण काढणारी बाई, आणि एवढी मोठी चूक मात्र तिने स्वतःच्या हाताने जागेवर नेऊन ठेवली. तेही दुसऱ्या कुणाच्या भीतीने नव्हे, नुसत्या कंटाळ्याने. रोज रोज कोण वाद घालणार, असे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते. मित्रांनो, दुष्ट माणसांपेक्षा कंटाळलेली माणसे मी जास्त पाहिली आहेत. पडद्यावरचे बहुतेक खोटे त्यांच्याच हातून पुढे जाते.

तिकडे तिसऱ्या मजल्यावर आईने पडद्याखालची पट्टी वाचली आणि तिचे मशीन थांबले.

“अगं बाई! हा तर आपल्याकडचा कारखाना!”

“लुकलुकतोय?” मावशीने विचारले.

“लुकलुकतोय.”

“मग चल, ऊठ.”

आईने आधी लेकीला फोन लावला. ग्राफिक्सच्या खोलीत टेबलावर पडलेला फोन थरथरला. त्यावर ‘आई’ अशी अक्षरे उमटली. “बातम्या झाल्या की करते गं,” असे पुटपुटत मास्तरणीने तो पालथा घातला आणि पट्टीत ‘वायुगळती’ हा शब्द नीट लिहिला आहे ना ते तपासू लागली.

मला दोन्ही टोके दिसत होती. इकडे पालथा पडलेला फोन, तिकडे कानाला फोन लावून उभी असलेली आई. मधे मी, अर्धा सेकंद पेटत, अर्धा सेकंद विझत. ओरडायला मला तोंड नव्हते. ओळ सांगते तेवढेच मी करतो, आणि ओळ मला थांब म्हणत नव्हती.

आईने दोन टॉवेल ओले केले. एक स्वतःच्या तोंडाला बांधला, एक मावशीच्या. मावशीचा हात धरला आणि दोघी बाहेर पडल्या. दार सताड उघडे राहिले. मशीनच्या सुईखाली कुणाच्या तरी झग्याची अर्धी बाही अडकून लोंबत होती. त्या रिकाम्या खोलीत मी एकटा लुकलुकत राहिलो. दारातून जिन्याचा आवाज आत येत होता. आधी नुसत्या चपला वाजल्या. मग खूप चपला. पोरांचे रडणे. “सरका ना पुढे!” “अहो, ढकलू नका!” मग एक मोठा धप्प आवाज, आणि एक बाई किंचाळली. कोण पडले ते मला दिसले नाही. मला फक्त भिंतीवरचे कॅलेंडर दिसत होते आणि ती बाही.

पडली ती आई. मावशीला भिंतीकडे ओढून घेताना तिचा पाय घसरला आणि मागच्या लोंढ्याने तिला खाली लोटले. तिच्या खुब्याचे हाड मोडले. मावशीला साधे खरचटलेही नाही.

आणि गळती? कारखान्यातल्या एका टाकीचे झाकण नीट बसले नव्हते. वास सुटला, झाकण बसवले, वास गेला. बातमीदार तिथे पोचला तेव्हा कामगार बाकावर बसून डबे खात होते. ढग नव्हताच.

हे मला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कळले. तिथल्या भिंतीवर टीव्ही होता आणि त्यावर आमचेच चॅनल लागले होते. खाली खाटेवर आई पडून होती, उशाशी मास्तरीण बसली होती. रात्रभर ती झोपलेली दिसत नव्हती.

“तुला फोन केला होता गं,” आई म्हणाली.

“हो. मी कामात होते.”

“माहितीये मला. टीव्हीवर दिसतच होतं की तुझं काम.” आईला धाप लागत होती. थोडे थांबून ती म्हणाली, “मावशी घुटमळत होती, कुठे जायचं या वयात म्हणून. मी म्हटलं, अगं, पोरीचा ठिपका आहे, म्हणजे खरंच असणार.”

आईच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मास्तरणीला सोसला असता. तिने वर बघितले. टीव्हीवर साहेब स्वतः चर्चेला बसले होते आणि विषय होता, ‘शहरात घबराट पसरवली कुणी?’ साहेब गंभीर चेहऱ्याने म्हणत होते की जबाबदार नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. त्यांच्या डोक्याशी मी लुकलुकत होतो. चर्चा आदल्या रात्रीच चित्रित केलेली होती.

मास्तरीण उठली, टाचा उंचावल्या आणि तिने बटण दाबले. पुढे मायलेकींत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. टीव्ही बंद झाला की मी आंधळा.

आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. ती घरी आली, मावशी तिच्या शेजारी बसून राहू लागली, शेजारणी आलटून पालटून डबे देऊ लागल्या. मग मास्तरीण कामावर परतली. तिने कुणालाही काही सांगितले नाही. साहेबांनी कॉरिडॉरमध्ये “आई बरी आहे ना, बाळा?” असे चालता चालता विचारले आणि उत्तरासाठी थांबले नाहीत. ती खुर्चीत बसली, मला उघडले आणि माझ्या पोटातली ओळ पुसली.

“काय करतेयस?” मामांनी विचारले.

“दुरुस्ती.”

“मोडलाय कुठे तो?”

“मोडला नाहीये ना. तीच तर अडचण आहे.”

मामांना काही उमगले नाही. त्यांनी कूस बदलावी तशी खुर्ची फिरवली.

या वेळी तिने लिहिलेली ओळ लांब होती. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चित्राला नाव असते. जुन्या साठ्यातून काढलेल्या दृश्यांच्या नावाची सुरुवात चॅनलमध्ये नेहमी ‘संग्रह’ अशी होत असे. नव्या ओळीने मला सांगितले की, लुकलुकायच्या आधी आपल्या खालच्या थराचे नाव वाच. नाव ‘संग्रह’ने सुरू होत असेल तर विझून राहा, कुणी कितीही आपटले तरी. नाहीतर पूर्वीसारखा लुकलुक. माझ्या शेजारच्या शब्दालाही तिने अशीच ओळ दिली. चित्र जुने निघाले की ‘थेट’ जाऊन तिथे ‘जुनी दृश्ये’ उमटायचे.

मला पहिल्यांदाच काहीतरी बघून वागायची मुभा मिळाली होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती जन्मापासून मिळालेली असते; तिचे तुम्ही काय करता ते मी पाहतोच आहे.

काही दिवस कुणाच्या लक्षातही आले नाही. कारण उघड होते. आमचे चॅनल आमच्या इमारतीत कुणीच बघत नसे. साहेबांच्या दालनात दुसऱ्या चॅनलचा टीव्ही लावलेला असे, त्यांच्याकडे काय चालू आहे ते बघायला.

मग एका सकाळी बाजारपेठेत आग लागली. दुसऱ्या चॅनलचा कॅमेरा तिथे पोचला, आमचा पोचला नाही. साहेबांनी नेहमीचा उपाय केला. कुठल्यातरी जुन्या आगीचे दृश्य काढले आणि माझ्यासकट सोडायला लावले. मामांनीच मला त्यावर टाकले आणि नेहमीप्रमाणे न बघता पुढे पाठवले. पडद्यावर ज्वाळा उसळल्या. मी विझलेलाच राहिलो. माझ्या शेजारी ठसठशीत अक्षरांत आले: ‘जुनी दृश्ये’.

साहेबांना ते चॅनलच्या मालकांचा फोन आला तेव्हा कळले. त्यांचा चेहरा त्या वेळी कसा झाला असेल ते मला बघायला मिळाले नाही, याचे आजही वाईट वाटते. ते तरातरा ग्राफिक्सच्या खोलीत आले. त्या खोलीत ते पहिल्यांदाच येत होते, त्यामुळे बादलीला ठेच लागली आणि त्यांचा बूट भिजला.

“ठिपका का पेटत नाहीये?”

मामांनी मला माउसने टोचले, ओढले, पुसून पुन्हा टाकले. आत लिहिलेली ओळ उघडून त्यांनी तिच्याकडे भिंतीवरच्या पालीकडे बघावे तसे पाहिले. “काहीतरी लिहिलंय यात,” ते म्हणाले.

“मी लिहिलंय,” मास्तरीण म्हणाली. “चित्र जुनं असलं की तो पेटत नाही.”

“कुणी सांगितलं होतं असलं करायला?”

“कुणीच नाही.”

“काढ ते. आत्ताच्या आत्ता.”

“नाही काढणार, साहेब.”

साहेबांनी आवाज मऊ केला. तो त्यांचा जास्त वाईट आवाज होता. “हे बघ बाळा, तुझ्या आईचं जे झालं त्याचं मलाही वाईट वाटतं. पण घरचं दुःख ऑफिसात आणायचं नसतं.”

“ऑफिसातलं घरी गेलं होतं, साहेब,” ती म्हणाली. “मी ते परत आणून दिलं, एवढंच. आणि ठिपका तुम्ही टाकायला सांगितला, पण टाकला मी. ते मी तुमच्यावर ढकलत नाहीये.”

साहेबांनी मान खाली घालून भिजलेल्या बुटाकडे पाहिले. पण त्यांना लाज वाटली असेल असे समजू नका. तसे काही झाले नाही. ते मामांकडे वळले. “मामा, नवा ठिपका करा. पूर्वीसारखा. आणि हिला सामान आवरायला सांगा.” एवढे बोलून ते भिजक्या बुटाचा पचपच आवाज करत निघून गेले.

मामांनी नवे वर्तुळ काढले, त्यात लाल रंग ओतला आणि जीभ दातांत धरून खुणा ठोकायला घेतल्या. इथे दिस. इथे दिसू नकोस. मास्तरणीने आपला डबा, चष्म्याचे घर आणि शब्दकोश पिशवीत भरला. मग ती थबकली. तिने मामांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मामा उठले.

“मी चहा घेऊन येतो,” ते म्हणाले. “मला वेळ लागेल.”

त्यांच्या आख्ख्या नोकरीत त्यांना चहाची आठवण योग्य वेळी झाली ती तेवढी एकदाच. ते परतेपर्यंत माझी एक प्रत तिच्या पेन ड्राइव्हवर उतरली होती. मूळ मी मात्र तिथेच राहिलो, ‘नको असलेले’ नावाच्या फोल्डरमध्ये. पुढे ते जुने संगणक भंगारात गेले; आज तुमच्याशी बोलतोय तो मी म्हणजे ती पेन ड्राइव्हवरची प्रत. साहेबांचे म्हणाल तर ते मोठ्या चॅनलवर गेले, मोठ्या ठिपक्यासकट.

मास्तरणीला बराच काळ धड काम मिळाले नाही. लग्नाच्या चित्रफितींना फुले चिकटवण्यापासून सगळे तिने केले. अखेर शहराच्या बससेवेत तिला जागा मिळाली. बसथांब्यांवर पडदे बसवले होते. कुठली बस कधी येणार ते त्यांवर दिसे. त्या पडद्यांची मांडणी तिच्याकडे आली आणि तिने पेन ड्राइव्ह काढला. आता मी ‘बस आली’ या शब्दांच्या शेजारी लुकलुकणार होतो.

तिथल्या अधिकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सूचना केली. “ठिपका जरा आधीच पेटवत जा. बस यायची असली तरी आली म्हणायचं. लोक शांत राहतात.”

बघा. इमारत बदलली, माणूस बदलला, अक्कल तीच.

“नाही,” मास्तरीण म्हणाली. “बस कोपऱ्यावर वळली की पेटेल. त्याच्या आधी नाही.”

अधिकाऱ्यांनी तिच्याकडे बघितले. त्यांना जेवायला जायचे होते. “बरं, तसं करा,” ते म्हणाले. एवढ्यात मिटले. एका ‘नाही’ने मिटणारी गोष्ट होती ती. आधीही असती कदाचित. हे तिच्याही मनात आले असावे, कारण अधिकारी गेल्यावर ती बराच वेळ पडद्याकडे नुसती बघत उभी राहिली.

माझी ओळ पुन्हा बदलली आणि मी थांब्यांवर उभा राहिलो. तिथले माझे प्रेक्षक टीव्हीवाल्यांहून काही थोर नाहीत. मान खाली घालून फोनमध्ये बुडालेले असतात, मी लुकलुकलो की वर न बघताच पाय उचलतात आणि कधी कधी भलत्याच बसमध्ये चढतात.

एका सकाळी मास्तरीण आईला घेऊन थांब्यावर आली. आईला तपासणीसाठी न्यायचे होते. ती आता वॉकर घेऊन चालत असे. घरून इथवर यायलाच तिला घाम फुटला होता. लेकीने तिला बाकावर बसवले आणि माझ्याकडे बोट दाखवले.

“आई, हा बघ. ओळखलास?”

“अगंबाई, इथे होय तो आता?” आई हसली. चांगले हसली. मला वाटले, सगळे विसरली.

थोड्या वेळाने त्यांची बस कोपऱ्यावर वळली. मी लुकलुकू लागलो. आजूबाजूचे लोक पिशव्या उचलून पुढे सरसावले. मास्तरणीने आईकडे हात पुढे केला.

“चल आई, आली.”

आई उठली नाही. ती वॉकरवर हात ठेवून, मान लांब करून रस्त्याकडे बघत राहिली. मधे एक ट्रक उभा होता, त्यामुळे बस अजून दिसत नव्हती.

“अगं, आली म्हणतोय ना ठिपका?”

“म्हणू दे,” आई म्हणाली. “मला दिसू दे.”

बस ट्रकच्या मागून पुढे आली. आईने तिच्या कपाळावरचा आकडा वाचला, ओठांनी पुटपुटत पुन्हा वाचला, आणि मगच ती उठली. माझ्याकडे तिने बघितलेही नाही. मास्तरणीचा हात तसाच पुढे राहिला होता. तो तिने हळूच आईच्या पाठीला लावला आणि दोघी सावकाश बसकडे गेल्या.

त्या सकाळी माझे काहीच चुकले नव्हते. बस खरोखर आली होती. मोडलेले हाड डॉक्टरांनी जुळवले. पण आईच्या त्या नजरेतले जे गेले, ते परत आणील अशी ओळ अजून कुणी लिहिलेली नाही. मला माणसांचे कधी वाईट वाटत नाही. तेव्हा वाटले.

म्हणून मित्रांनो, आता हात जोडून, म्हणजे हात असते तर जोडून, एवढेच सांगतो. मला पुसू नका, जपू नका, माझे कौतुक करू नका. कुणी डोळे झाकून तुमच्यावर विश्वास टाकत असेल, तर तो जपा. तुमच्या हातात ठिपका आला तर तो टाकण्यापूर्वी खालचा थर बघा. आणि पडद्यासमोर बसणाऱ्यांनो, कोपऱ्यात लाल काहीतरी लुकलुकले की निदान एकदा मान लांब करून रस्त्याकडे बघत जा. याहून जास्त मी तुमच्याकडून मागत नाही. तेवढे जमेल, अशीही मला फारशी आशा नाही.